सात हजार घरं, प्रत्येक घर आपापल्या शेतात! जपानमधला हा महागडा शेतमुक्काम नेमकं विकतो तरी काय?

मे महिना लागला की जपानच्या तोयामा प्रांतातल्या तोनामी मैदानावर भाताच्या खाचरांत पाणी सोडतात. शेजारच्या डोंगरावर चढून खाली पाहिलं तर सगळं मैदान आरशासारखं चमकत असतं. त्या पाण्यात जागोजागी गर्द झाडांचे पुंजके दिसतात आणि प्रत्येक पुंजक्यात एकच घर. गावठाण नाही, गल्ली नाही, घराला घर चिकटलेलं नाही. तळ्यात बेटं असावीत तशी घरं. सूर्य मावळताना हे दृश्य पाहायला आणि फोटो काढायला लोक लांबून येतात.

यातल्याच एका घरात, साधारण 120 वर्षं जुन्या शेतकऱ्याच्या वाड्यात, ऑक्टोबर 2022 पासून पाहुणे मुक्कामाला येऊ लागले. या मुक्कामाचं नाव राकुदोआन. खोल्या फक्त तीन. एका रात्रीचं भाडं आपल्या रुपयांत सांगायचं तर पाच आकडी. खिडकीतून बाहेर पाहिलं तर काय, शेजाऱ्याची भाताची खाचरं!

मग माणसं एवढे पैसे कशाचे देतात? आपल्याकडेही शेतात दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवायचा विचार करणारे प्रत्येक तालुक्यात भेटतात, म्हणून हे समजून घेण्यासारखं आहे. पण त्यासाठी आधी खोली नाही, शेत बघावं लागेल.

मुरमाड जमीन आणि वस्तीवरची घरं

तोनामीची रचना आपल्या शेतकऱ्याला पटकन कळेल. आपल्याकडे काही जण गावठाणात राहतात, काही जण मळ्यात वस्ती करून राहतात. तोनामीत जवळजवळ सगळेच वस्तीवर! साधारण 220 चौरस किलोमीटरच्या, म्हणजे पंचावन्न हजार एकरांच्या आसपासच्या मैदानावर सुमारे सात हजार घरं अशी विखुरलेली आहेत. जपानमध्ये अशी रचना आणखी काही ठिकाणी आहे, पण एवढी मोठी दुसरीकडे नाही.

असं का झालं? याचं एक उत्तर जमिनीत आहे. हे मैदान शो नावाच्या नदीनं तयार केलं. नदी डोंगरातून धावत येते आणि सपाटीला लागली की गोटे, वाळू पंख्यासारखी पसरून टाकते. त्यामुळे खाली दगडगोटे आणि वर मातीचा पातळ थर. अशा जमिनीत पाणी थांबत नाही, झिरपून जातं. भाताला तर पाणी उभं पाहिजे. मग शेतकऱ्याला दिवसातून अनेकदा जाऊन पाणी बघावं लागतं, बांध बुजवावा लागतो, पाटाचं तोंड उघडावं-मिटावं लागतं. घर दोन मैलांवर असेल तर हे जमत नाही. म्हणून ज्यानं त्यानं जिथं माती जरा जाड आणि जागा जरा उंच, तिथं घर बांधलं आणि घराभोवती खाचरं काढली. नदीचे जुने प्रवाह मैदानभर पसरलेले होते, त्यामुळे पाणी कुठंही मिळत होतं. एका विहिरीभोवती सगळ्यांनी गोळा होऊन राहायची गरज पडली नाही.

पण नदी म्हणजे नुसतं वरदान नव्हतं. ती पात्र बदलायची, घरं-शेतं वाहून न्यायची. तेव्हा या मुलखावर कागा संस्थानाच्या माएदा घराण्याची सत्ता होती. त्यांनी 1670 मध्ये नदीला एकाच पात्रात बांधून ठेवण्यासाठी मोठा बांध घालायला सुरुवात केली. काम संपलं 1714 मध्ये. चव्वेचाळीस वर्षं! ज्यांनी पहिला दगड ठेवला त्यातल्या बहुतेकांनी शेवटचा दगड पाहिला नसेल. त्या बांधावर पाइनची झाडं लावली, म्हणून त्याला मात्सुकावायोके म्हणतात. बांध झाल्यावर नदीच्या सोडलेल्या पात्रांत नवी शेतं निघाली आणि जुने ओहोळ पाटाच्या कामाला आले.

आज तोयामा प्रांतातल्या शेतजमिनीपैकी 95 टक्क्यांच्या आसपास जमीन भाताची खाचरं आहे. भाताचं बियाणं तयार करून इतर प्रांतांना पुरवण्यात तोयामा जपानमध्ये पहिल्या नंबरवर आहे. खाचरांतच भातानंतरचं पीक म्हणून ट्युलिपचे कंद घेतात. त्याची सुरुवात 1918 मध्ये तोनामीच्याच मिझुनो बुन्झो नावाच्या तरुण शेतकऱ्यानं केली. आता दर वसंतात तिथं ट्युलिपची मोठी जत्रा भरते. पण तो विषय वेगळा.

"जमीन वीक, पण झाडं विकू नको"

घर एकटं उभं म्हटल्यावर वाऱ्याचा मार सगळ्या बाजूंनी. तिथं दक्षिण-पश्चिमेकडून जोराचा वारा येतो, हिवाळ्यात बर्फ. म्हणून प्रत्येक घराभोवती झाडांची राई ठेवली. स्थानिक बोलीत तिला काइन्यो म्हणतात. दक्षिण आणि पश्चिम बाजूला दाट झाडी, पूर्वेकडे मोकळं अंगण आणि घराचं तोंडही पूर्वेला. आपल्याकडे केळीच्या बागेला वारा लागू नये म्हणून कडेनं शेवरी किंवा गजराज गवत लावतात, तोच हिशोब, फक्त इथं बाग नाही तर घर वाचवायचं.

काइन्योत जास्त करून सुगी नावाचं झाड असतं. देवदारासारखं सरळसोट उंच वाढणारं. सोबत केयाकी हे कठीण लाकडाचं झाड, बांबू, आणि खायला तेंदूच्या कुळातलं काकी फळ, चेस्टनट. या राईतलं काहीच वाया जात नव्हतं. वाळलेला पाला-फांद्या चुलीला आणि आंघोळीच्या पाण्याला. बांबू टोपल्यांना. आणि घर नव्यानं बांधायची वेळ आली की तुळया-खांबांचं लाकूड घरच्या राईतूनच. म्हणजे आजोबानं झाड लावायचं आणि नातवानं त्याचं घर बांधायचं.

म्हणूनच त्या भागात एक जुनी म्हण आहे. अडचण आली तर जमीन वीक, पण काइन्यो विकू नको, असा तिचा अर्थ. शेतकऱ्यानं जमिनीच्याही वर झाड ठेवावं, ही गोष्ट ऐकायला सोपी आहे, करायला नाही.

घराची रचनाही बघण्यासारखी. पुढून पाहिलं तर मोठं त्रिकोणी छप्पर, पांढऱ्या गिलाव्यावर उभ्या-आडव्या लाकडी तुळयांची जाळी. याला आझुमादाची म्हणतात. मुळात ही ढब सामुराई सरदारांच्या घरांची. ती राजवट गेल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेतकऱ्यांनी ती आपल्या घराला आणली. आत मधल्या मोठ्या दालनात केयाकीचे जाडजूड खांब आणि तुळया एकमेकांत अडकवून चौकट केलेली असते, खिळा न मारता. सुटी करून दुसरीकडे नेऊन पुन्हा उभी करता येते. आपल्याकडे जुन्या वाड्याचे खांब आणि कडीपाट उतरवून भंगारवाला नेतो आणि ते शहरातल्या हॉटेलात दिसतात. तिथंही हे होऊ लागलं होतं.

राई आता कुणाला पाहिजे?

गॅस आला, चूल गेली. पाला जाळायची गरज राहिली नाही, उलट तो उचलून नेऊन टाकायचा खर्च मागे लागला. नव्या घराला तयार लाकूड बाजारात मिळतं. काचेच्या खिडक्या घट्ट बसतात, त्यामुळे वाऱ्याचा धाकही कमी झाला. म्हणजे ज्या झाडाचे शंभर उपयोग होते ते घरमालकाला ओझं वाटू लागलं. शिवाय ऑक्टोबर 2004 मध्ये एक मोठं चक्रीवादळ आलं. जपानी क्रमानं त्या वर्षीचं 23 वं. त्यात तोनामीच्या राया भुईसपाट झाल्या, उंच उंच सुगी मुळासकट उपटून पडली. पडलेली झाडं उचलण्यातच लोक मेटाकुटीला आले. काहींनी मग उरलेलीही काढून टाकली.

दुसरं दुखणं माणसांचं. 2020 च्या शेती गणनेनुसार जपानमध्ये मुख्यतः शेतीच करणारे 13 लाख 60 हजारांच्या आसपास लोक उरले होते आणि त्यांचं सरासरी वय 67.8 वर्षं. हे सरासरी आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे ज्याला आपण म्हातारा शेतकरी म्हणतो तो तिथं सर्वसाधारण शेतकरी. आणि 2023 च्या पाहणीत देशात 90 लाख घरं रिकामी निघाली, शंभरात जवळजवळ चौदा. पोरं तोक्योला, ओसाकाला. आई-वडील गेले की घराला कुलूप. वारसाला घर ठेवायचं म्हटलं तर छप्पर, बर्फ, पाला, सगळ्याचा खर्च. पाडायचं म्हटलं तरी खर्च. विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाही.

तोनामीत शेती मात्र अजून पडीक पडलेली नाही, कारण वाडीतल्या लोकांनी मिळून शेती करायची पद्धत तोयामात चांगली रुजली आहे. यंत्रं सामाईक, काम वाटून. एका ट्रॅक्टरवर वीस घरांची शेती उरकते. त्यामुळे खाचरात भात दिसतो, पण बाजूच्या घरात दिवा नसतो. शेत जिवंत आणि घर मेलेलं, अशी विचित्र अवस्था.

याच ठिकाणी हा महागडा मुक्काम उभा राहिला.

तीन खोल्या: कागद, रेशीम, माती

राकुदोआन कुठल्या मोठ्या हॉटेल कंपनीनं काढलेलं नाही. पश्चिम तोयामातल्या पर्यटनासाठी काम करणारी एक स्थानिक संस्था आहे, तिचं हे काम. त्यांनी घर पाडलं नाही, राई तोडली नाही. जुनी चौकट ठेवली आणि आतल्या तीन खोल्यांना तीन वस्तूंची नावं दिली. कागद, रेशीम आणि माती. तिन्ही वस्तू आसपासच्या मुलखातल्या आणि प्रत्येकीमागे शेतीच आहे.

कागदाचं घ्या. तोनामीच्या दक्षिणेला डोंगरात गोकायामा नावाचा भाग आहे. बर्फ इतका पडतो की पूर्वी हिवाळ्यात जगाशी संबंध तुटायचा. तिथली उतरत्या गवती छपरांची घरं 1995 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. छप्पर शाकारायला सगळी वाडी एकत्र येते. आज तुझं, उद्या माझं. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक म्हणा ना! तर या गोकायामात कोझो नावाच्या तुतीच्या कुळातल्या झुडपाच्या सालीपासून कागद करतात. साल काढून ती बर्फावर पसरतात. ऊन आणि बर्फ मिळून तिचा रंग उडवतात आणि ती पांढरी होते. रसायन नाही, फुकटचा बर्फ. ज्या बर्फानं माणसं कोंडली जायची त्याच बर्फाला त्यांनी कामाला लावलं.

याच गोकायामातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या घरांत जमिनीखाली खड्डे करून त्यात माती, रानगवत आणि रेशीम अळ्यांची विष्ठा घालून काही वर्षं कुजवायचे आणि त्यातून सोरा काढायचे. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा! तो गुपचूप कागा संस्थानाला जायचा. डोंगरातली गरीब वाडी वरून भोळीभाबडी आणि खाली दारूगोळ्याचा कारखाना.

आता रेशीम. डोंगराच्या पायथ्याला जोहाना नावाचं गाव आहे, पूर्वीपासून रेशमाचं. आपल्याकडे मराठवाड्यात तुती लावून रेशीम कोष घेणारे बरेच शेतकरी आहेत. त्यांना ठाऊक असेल की कधीकधी दोन अळ्या मिळून एकच कोष करतात. हा दुहेरी कोष बाजारात निवडून बाजूला काढतात, कारण त्याचा धागा सरळ उलगडत नाही, गुंततो, कुठं जाड कुठं बारीक होतो. भाव पडतो. जोहानाच्या विणकरांनी नेमका हाच धागा धरला. जाड-बारीक धाग्याचं कापड विणलं की त्यावर पावसाच्या धारांसारख्या ओबडधोबड रेषा उमटतात. दोन धारा कधी सारख्या नसतात. हे कापड कागदावर चिकटवून सरकत्या दारांना, भिंतींना लावतात. या कापडाला शिकेकिनु म्हणतात. बाजारानं नाकारलेला कोष भिंतीवर चढला आणि भाव घेऊन बसला.

तिसरी माती. मातीच्या भिंतीबद्दल आपल्या वाचकाला काय सांगायचं? फरक एवढाच की आपल्याकडे मातीची भिंत म्हणजे परिस्थिती नाही असं समजतात आणि पहिले पैसे आले की ती पाडून सिमेंट घालतात. तिथं तोच गिलावा करणारा कारागीर मोठ्या मानाचा आणि त्याची मजुरीही तशीच.

जेवण इटालियन पद्धतीचं आहे, ही गोष्ट जरा खटकते. शेतकऱ्याच्या जुन्या वाड्यात इटालियन कशाला? पण साहित्य तिथलंच, तोनामीचा भात-भाजी आणि तोयामाच्या उपसागरातली मासळी. शाकाहारी माणसाची तिथं पंचाईतच. त्याला गोकायामाच्या टोफूची शिफारस करता येईल. सोयाबीनच्या दुधाचं पनीर म्हणा हवं तर. ते इतकं घट्ट असतं की दोरीनं बांधून हातात लटकवून न्यायचे.

वस्तू सुंदर का दिसते?

या सगळ्यामागे एक विचार आहे आणि तो हॉटेलवाल्यांनी शोधलेला नाही. सोएत्सु यानागी (1889 ते 1961) या विचारवंतानं जपानमध्ये एक चळवळ सुरू केली. राजवाड्यातल्या वस्तूच सुंदर असतात असं नाही, नाव नसलेल्या कारागिरानं रोजच्या वापरासाठी केलेला वाडगा, टोपली, चटई यांतही सौंदर्य असतं, असं त्याचं म्हणणं. अशा वस्तूंना त्यानं आणि त्याच्या मित्रांनी 1925 च्या सुमारास मिंगेई हा शब्द दिला. म्हणजे लोकांची कला. हा यानागी 1948 मध्ये जोहानाच्या देवळात राहिला होता आणि तिथंच त्यानं आपला एक महत्त्वाचा लेख लिहिला. त्याचा मित्र, लाकडी ठशांचा नामांकित चित्रकार मुनाकाता शिको, युद्धाच्या काळात 1945 मध्ये तोक्यो सोडून याच भागातल्या फुकुमित्सु गावी आला आणि सहा-सात वर्षं राहिला.

हा मुलूख बौद्ध धर्मातल्या नामस्मरणाच्या पंथाचा. अमिदा बुद्धाचं नाव घ्यायचं, बाकी त्याच्यावर सोडायचं. वारकरी घरात वाढलेल्या माणसाला ही भक्ती परकी वाटणार नाही. इथली माणसं आणि इथल्या वस्तू घडवते ती ही माती आणि ही श्रद्धा, अशा अर्थानं तिथं एक शब्द वापरतात, दोतोकु. म्हणजे मातीचा गुण, मातीचं पुण्य म्हणा. राकुदोआनवाले पाहुण्यांना हाच शब्द समजावून सांगतात.

जवळच इनामी नावाचं गाव आहे. तिथं 1390 मध्ये स्थापन झालेलं झुइसेनजी हे मोठं देऊळ. अठराव्या शतकात ते जळालं, तेव्हा बांधकामासाठी क्योतोहून लाकडावर कोरीवकाम करणारा कारागीर आला आणि गावातले सुतार त्याच्याकडून शिकले. देऊळ झालं, कारागीर परत गेला, विद्या गावात राहिली. आज त्या छोट्या गावात दोनशेच्या आसपास कोरीवकाम करणारे आहेत. रस्त्यानं चाललं तरी पटाशीवर हातोडी पडल्याचा आवाज येतो. तिथंही 2016 पासून जुन्या घरांतून पाहुणे ठेवायला सुरुवात झाली. पाहुणा घरात झोपतो आणि दिवसा कारागिराच्या शेजारी बसून लाकडाचा चमचा कोरतो. दुपारभर बोटं दुखवून घेतल्यावर त्याला कळतं की दुकानातला चमचा महाग का आहे! कारागिराचा माल खपायला याहून चांगली जाहिरात नसेल.

शंभरातले दोन रुपये

आता मुद्द्याचं. राकुदोआनला येणारा पाहुणा खोलीसाठी येत नाही. चांगली खोली तोक्योतही मिळते. तो येतो ती पाण्यानं भरलेली खाचरं, त्यांतली झाडांची बेटं बघायला. आणि ती राकुदोआनची नाहीत! ती आसपासच्या शेतकऱ्यांची आहेत. बांधावरचं गवत शेजारी कापतो, पाटातला गाळ वाडी काढते, राईतला पाला कुणीतरी सत्तरीतली बाई झाडते. उद्या शेजारच्या दहा घरांनी झाडं तोडून पत्र्याचं गोडाऊन उभं केलं तर राकुदोआनच्या तीन खोल्यांत कितीही भारी रेशीम लावलं तरी कोण येणार?

चालवणाऱ्यांना हे कळलेलं आहे. म्हणून मुक्कामाच्या भाड्यातले 2 टक्के रक्कम ही विखुरलेली घरं आणि त्यांच्या राया जपण्याच्या कामाला देण्याचा त्यांनी नियम केला. पाहुण्याला तसं आधीच सांगतात. तू इथं राहिलास म्हणजे हे टिकायला हातभार लागला, असं.

ही पद्धत चांगली आहे, पण हिशोबही मांडला पाहिजे. समजा बिल 50 हजार रुपये झालं तर 2 टक्के म्हणजे 1 हजार रुपये. खोल्या तीन. रोज तिन्ही भरल्या तरी 3 हजार. आणि मैदानावर घरं सात हजार. एक उंच सुगी माणसं आणि क्रेन लावून छाटायची तर मजुरी किती होईल याचा अंदाज ज्यानं कधी विहिरीवरचं झाड उतरवलंय त्याला येईल. तेव्हा या पैशावर सगळं मैदान वाचेल असं कुणी समजू नये. तसे मुक्काम आणखी व्हावे लागतील, सरकारी मदत लागेल, आणि मुळात राहती माणसं लागतील.

तरी एक फरक पडतो. ज्या घराकडे वारस ओझं म्हणून बघत होता त्याच घराला बाहेरचा माणूस पैसे मोजून राहायला येतो, हे शेजाऱ्यांना दिसतं. झाड तोडायला निघालेला माणूस निदान एकदा थांबून विचार करतो. याची किंमत टक्क्यांत सांगता येत नाही. पण श्रीमंत पाहुण्यांसाठी सजवलेलं गाव आणि राबणारं गाव यांत दरी पडायची भीतीही तिथं आहेच. तीन खोल्यांच्या आकारामुळे ती सध्या आवाक्यात आहे, एवढंच.

दुसरा रस्ता: आजिमुच्या आजीबाई

जपानमध्ये शेतमुक्काम म्हणजे फक्त महागडाच असतो असं नाही. उलट सुरुवात साध्या घरांतून झाली. पाहुण्यांना शेतकऱ्यांच्या घरी राहता यावं म्हणून 1994 मध्ये तिथं कायदा झाला. दक्षिणेकडे क्युशू बेटावर ओइता प्रांतात आजिमु नावाचं द्राक्षांचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी 1996 मध्ये आपल्या राहत्या घरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. वेगळी खोली बांधली नाही, कर्ज काढलं नाही. घरात जे शिजेल ते पाहुण्यानं खायचं, जमलं तर द्राक्षाच्या बागेत हात लावायचा. एकदा राहिलात की लांबचे नातेवाईक, दहा वेळा राहिलात की सख्खे नातेवाईक, असं ते लोक गमतीनं म्हणतात. या कामात घरातल्या बायकांचा पुढाकार मोठा. सुरुवातीला हॉटेल, स्वयंपाकघर, आग प्रतिबंध यांचे नियम आडवे यायचे. शेतकऱ्याच्या घराला लॉजचे नियम लावून कसं चालेल? पुढे नियम सैल झाले. 2003 मध्ये शेतकऱ्याच्या घरातल्या मुक्कामासाठी खोल्यांच्या किमान क्षेत्रफळाची अट काढून टाकली.

आजिमुत भाडं कमी, पाहुणे जास्त, शाळेच्या सहली येतात, पैसा थेट घरात पडतो. तोनामीत भाडं जास्त, पाहुणे थोडे आणि पैसा कारागीर, आचारी, भाजी पिकवणारा अशा अनेक हातांत जातो. आजिमुला माणुसकी पुरते. तोनामीला भांडवल लागतं, जुनं घर उभं करायला जाणता सुतार लागतो आणि पाहुण्याला इंग्रजीत समजावणारा माणूस लागतो. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी, शेती बंद करून शेतमुक्काम चालत नाही.

आपल्याकडे काय चाललंय?

महाराष्ट्रात शेतावर पर्यटन नवं नाही. बारामतीजवळ पळशीवाडीत वीस वर्षांपूर्वीच असं केंद्र सुरू झालं. राज्य सरकारनं 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरणही आणलं. हुरडा पार्ट्या, बैलगाडीची फेरी, चुलीवरचं जेवण हे आता शहरातल्या लोकांना ठाऊक आहे.

पण अलीकडे बऱ्याच ठिकाणी एकच साचा दिसतो. शेताच्या कोपऱ्यावर पत्र्याचं कुंपण, आत निळ्या फरशीचा तलाव, मोठा आवाज करणारा स्पीकर, फायबरचा बैल आणि त्याच्यासोबत सेल्फी. खरा बैल मागच्या गोठ्यात! त्यासाठी वडिलांनी लावलेला बांधावरचा आंबा नाहीतर चिंच तोडून पार्किंग करतात. एकानं केलं की शेजारचा त्याहून मोठा तलाव बांधतो. मग भाडं पाडायची स्पर्धा लागते आणि हप्ता मात्र तेवढाच राहतो.

तोनामीच्या लोकांना एक फायदा झाला, त्यांच्याकडे नवं बांधायला पैसा ओतायच्या आधीच जुनं शिल्लक होतं. आपल्याकडेही अजून काही ठिकाणी आहे. दगडी चिरेबंदी वाडा, धाब्याचं घर, बारव, कोकणातली आगळ-वाडी, कुंभाराचं चाक, घोंगडी विणणारा एखादा म्हातारा, बुरुडाचं काम. पाहुणा आला तर त्याला शेजारच्या कुंभाराकडे न्यायचं की नाही आणि त्या कुंभाराला त्यातून किती द्यायचं, हे आधी ठरवायला पैसे लागत नाहीत. पाहुणा ज्या हिरव्या रानाचे फोटो काढणार ते रान भावकीचं आणि शेजाऱ्याचं आहे, तेव्हा त्यांच्याशी बोलणंही आधीच झालेलं बरं. रस्त्यावरून, आवाजावरून, पाण्यावरून भांडणं मागाहूनच होतात.

ज्यांना आपल्या शेतावर असं केंद्र रीतसर सुरू करायचं आहे त्यांना त्याची नोंदणी राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे करता येते. सातबारा हाताशी ठेवावा, आणि कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात जाऊन सध्याच्या अटी, सवलती समक्ष विचारून घ्याव्यात.